एसीचे पाणी घरात का उतरते?

वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरे : घरातील यंत्रे

जून महिना अर्धा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मेमध्ये ‘एसी थंड करत नाही’ अशी तक्रार असते आणि पावसाने जोर धरला की ‘एसीतून पाणी गळते’ असे वाचक कळवू लागतात. या वेळी अशी पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. त्यातील निम्म्याहून अधिक वाचकांना कोणीतरी ‘गॅस संपला आहे’ असे सांगितलेले आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गळतीचे कारण बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत असते, आणि ती वाट पाहण्याआधीच गॅस भरण्याचा खर्च गळ्यात पडतो.

प्रश्न : आमच्या बेडरूममधील दीड टनाचा स्प्लिट एसी तीन वर्षांचा आहे. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र रात्री दोन-अडीच तास चालला की खालच्या बाजूने पाणी ठिबकते आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत. थंडावा पूर्वीसारखाच आहे. मेकॅनिक गॅस भरायला सांगत आहे. भरावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थंडावा पूर्वीसारखाच असेल, तर गॅस भरू नका. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

एसी पाणी तयार करतो, हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचे कामच आहे. फ्रीजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम येतो, तसाच घाम एसीच्या थंड कॉइललाही, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीलाही येतो. हवेतील बाफ ज्या तापमानाला पाण्यात बदलू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. खोलीत ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो आणि कॉइल मात्र त्याहून कितीतरी थंड, दहा-बारा अंशांच्या आसपास असते. त्यामुळे दमट दिवसांत दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढतो. कोरड्या दिवसांत हेच प्रमाण फार खाली येते. तुमच्या घरी उन्हाळ्यात तेवढे पाणी बनतच नव्हते, म्हणून अर्धवट तुंबलेली नळी निभावून नेत होती. आता रात्रभरात बादलीच्या हिशेबाने पाणी येते आणि ते तिला पेलवत नाही. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आधुनिक एसीचा पहिला आराखडा केला, तोही तेथील हवेतील दमटपणा आवरण्यासाठी. कारण दमट हवेत कागद फुगत असे आणि रंगांची छपाई एकमेकींवर नीट बसत नसे. हवेतून पाणी काढणे हे या यंत्राचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे, ते लक्षात घेतले की गळतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

कॉइलवरून निथळलेले पाणी तिच्याखालच्या लांबट पन्हाळीत, म्हणजे ड्रेन ट्रेमध्ये जमते आणि तेथून ड्रेन पाइपने बाहेर जाते. येथे पंप नसतो. पाणी केवळ उतारावरून वाहते. ट्रेच्या तोंडाशी बोट फिरवून पाहिले, तर करड्या रंगाची, बुळबुळीत, साबुदाण्याच्या खिरीसारखी दाट साय हाताला लागते. धूळ, कपड्यांचे तंतू, त्वचेचे सूक्ष्म कण आणि ओलाव्यावर वाढणारे जिवाणू मिळून ही साय धरते. तिचा एक गोळा सुटून नळीच्या सुरुवातीच्या वळणात अडकला की मागे पाणी चढते आणि ट्रेच्या कडेवरून भिंतीवर उतरते. तुमच्या घरी दोन-अडीच तासांनी ठिबकायला लागते, याचा अर्थ नळी अजून थोडे पाणी जाऊ देत आहे आणि ट्रे हळूहळू भरत आहे.

हे काम असे करावे. प्रथम एसीचा एमसीबी, म्हणजे त्याचा वीजपुरवठा तोडणारा खटका, खाली पाडावा. रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. फिल्टर काढून नळाखाली धुवावेत व सावलीत वाळवावेत. नंतर ड्रेन पाइपच्या बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून, सांध्याभोवती ओले फडके घट्ट गुंडाळून, मिनिटभर ओढावे. साय आणि गाळ या बाजूने बाहेर येतो. बाहेरून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हवा मारण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास तोच गाळ उलटा ट्रेमध्ये आणि तेथून कधी कधी थेट भिंतीवर जातो. ओढून झाल्यावर लिटरभर कोमट पाणी कॉइलवर अगदी सावकाश सोडावे. पाणी उकळते नसावे, कारण त्याने प्लास्टिकची नळी मऊ पडते. ज्या बाजूला विजेची पेटी आहे, ती बाजू सोडून पाणी घालावे. बहुतेक स्प्लिट एसींमध्ये ही पेटी उजवीकडे असते. घातलेले पाणी बाहेरच्या टोकातून लगेच आणि सलग धारेने आले पाहिजे. थेंब थेंब आले, तर अडथळा अजून आत आहे आणि तो मेकॅनिककडून युनिट उघडून काढून घ्यावा. ब्लीचिंगचे द्रावण किंवा फरशी धुण्याचे ॲसिड कॉइलवर कदापि घालू नये, त्याने ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या खाल्ल्या जातात.

नळीचे बाहेरचे टोकही नीट पाहा. माझ्या स्वतःच्या घरी एका जुलैत पाणी गळू लागले, तेव्हा मी आतला ट्रे दोनदा साफ केला आणि तरीही गळती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी गच्चीत खुर्चीवर चढून नळीच्या तोंडात पाहिले, तर कुंभारीण माशीने ओल्या मातीचे घर करून ते तोंड इतक्या सफाईने लिंपले होते की दुरून पाहणाऱ्याला नळी बुजवल्याचा संशयही येऊ नये. काडीने माती पोखरताच अडलेले पाणी भळभळा बाहेर आले. तेव्हापासून हिवाळ्यात एसी बंद असला तरी महिन्यातून एकदा मी ते टोक पाहतो. त्यावर बारीक जाळी लावू नये, कारण पुढे तिच्यावरच साय धरते.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये नवा एसी बसवला आणि पहिल्याच आठवड्यात उजव्या कोपऱ्यातून पाणी येऊ लागले. बसवणारे दोनदा येऊन ‘साफ’ करून गेले. नव्या एसीत काय तुंबणार? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. नव्या एसीत साय धरायला वेळ लागतो, तेव्हा दोष बसवण्यात शोधावा. मी चार ठिकाणे पाहतो.

पहिले ठिकाण युनिटची पातळी. गवंडी वापरतो ती पाणसळ युनिटच्या वरच्या कडेवर ठेवून पाहा. युनिट समतल असावे, किंवा पाइप ज्या बाजूने बाहेर जातो त्या बाजूला किंचित खाली असावे. विरुद्ध बाजूला खाली असेल, तर पाणी त्या कोपऱ्यात साचून सांडणारच. भिंतीवरची लोखंडी पट्टी सैल असली, तरी काही दिवसांत युनिट एका बाजूला झुकते.

दुसरे ठिकाण फारसे कोणी पाहत नाही. अनेक मॉडेलमध्ये ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन तोंडे असतात. एकाला पाइप जोडायचा आणि दुसऱ्यात रबरी बूच बसवायचे असते. पाइप डावीकडून काढायचा ठरला, की बसवणारा उजवीकडची नळी डावीकडे नेतो आणि बूच उजवीकडे लावायचे विसरतो, किंवा नुसते टेकवून ठेवतो. एका कोपऱ्यातून, एसी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, सतत गळती होत असेल, तर माझा पहिला संशय या बुचावर जातो. तुमच्या पत्रातील वर्णन याच्याशी जुळते. पुढच्या वेळी माणूस आला, की ‘साफ करा’ असे न म्हणता ‘दुसऱ्या तोंडाचे बूच दाखवा’ असे म्हणा.

तिसरे ठिकाण भिंतीतील भोक. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे. सरळ किंवा आतल्या बाजूला उतरते पाडलेले भोक नंतर कोणी दुरुस्त करत नाही, आणि त्यात तांब्याच्या जाड पाइपाखाली ड्रेन पाइप दबला जातो. ड्रेन पाइप त्या जुडग्यात सर्वांत खाली असावा आणि चिमटलेला नसावा.

चौथे ठिकाण पुढचा सगळा मार्ग. आडव्या नळीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, दोन मिळाला तर उत्तम. मध्ये तुळई आली म्हणून नळी वर चढवून पुन्हा खाली आणली, तर त्या चढापाशी पाणी थबकते आणि हवा कोंडते. नळीचे शेवटचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवले, तरी हाच परिणाम होतो. ते टोक पाण्याच्या पातळीच्या वर, मोकळे असावे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. जोराचा पाऊस आणि वारा असला की एसीखालची भिंत ओली होते. शिवाय एसी चालू असताना समोरच्या पट्ट्यांवरूनही थेंब पडतात. सर्व्हिसिंग महिन्यापूर्वीच झाले आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करण्याचा उपाय सोपा आहे. पावसाच्या दिवशी एसी मुळीच लावू नका आणि भिंत पाहा. बंद एसीखाली भिंत ओली झाली, तर ते पाणी एसीचे नसून पावसाचे आहे. भिंतीतील भोकाभोवतीची लांबी (पुटी) किंवा सिमेंट सुकून भेगाळते, आणि पाऊस पाइपांच्या जुडग्याच्या अंगाने वाहत आत येतो. भोक बाहेरून नव्याने बुजवून घ्या आणि भोकात शिरण्याआधी पाइपांना खालच्या बाजूला एक झोळ द्या, म्हणजे अंगावरून येणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच गळून पडेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीत हे भोक असल्यास वर लहानशी छपरी करून घ्यावी. कोकणात झडीचा पाऊस आडवा मारतो आणि नुसत्या लांबीवर त्याच्यापुढे भरवसा ठेवता येत नाही.

समोरच्या पट्ट्यांवरचे थेंब हा एसीचा बिघाड नसतो. दार-खिडकी उघडी असेल, स्वयंपाकघरातली बाफ येत असेल, एसी १८ अंशांवर आणि पंखा सर्वांत हळू ठेवलेला असेल, तर थंडगार पट्ट्यांवर बाहेरची दमट हवा येऊन दव धरते. खोली बंद ठेवा, पंख्याचा वेग वाढवा, पट्ट्या फार खाली वळवू नका आणि तापमान २४ ते २६ ठेवा. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे तारांकित एसी सुरू होताच २४ अंशांवर यावेत असा नियम झाला, तो वीजबचतीसाठी. पण दव कमी धरते, हा त्याचा कोकणातला आणखी एक लाभ समजावा.

प्रश्न : हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आहे. एसीपासून जवळजवळ दोन मीटर दूर, सीलिंगवर चहासारखा डाग पडला आणि तो मोठा होत आहे. एसीखाली मात्र एक थेंबही नाही. हे एसीचे पाणी असू शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असू शकते, आणि तुम्ही एसीखाली न शोधता दूर पाहिले हे बरे झाले. सीलिंगच्या आतून गेलेल्या थंड पाइपालाही घाम येतो. म्हणून तांब्याच्या पाइपावर काळ्या, स्पंजासारख्या रबराचे आवरण चढवतात. साध्या घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब उतरवणारा भाग बाहेरच्या युनिटमध्ये असतो, त्यामुळे आत येणारा बारीक पाइप आणि बाहेर जाणारा जाड पाइप असे दोन्ही थंड असतात. दोघांनाही स्वतंत्र आवरण हवे. पैसे वाचवण्यासाठी फक्त जाड पाइपाला आवरण घालून दोन्ही एकत्र टेपने गुंडाळलेले मी अनेकदा पाहिले आहे. आवरणाचे दोन तुकडे जेथे जुळतात तेथे फट राहिली, उंदराने ते कुरतडले किंवा टेप ओढून बांधल्यामुळे ते चेपले, की नेमके त्या ठिकाणी थेंब धरतात आणि खाली प्लास्टर ऑफ पॅरिसवर डाग उमटतो. ड्रेन पाइपातूनही थंड पाणी वाहत असते, म्हणून सीलिंगमधील त्याच्या लांबीलाही आवरण घालावे.

डागाच्या ठिकाणी सीलिंग कापून घ्यावे लागेल. त्याला पर्याय नाही. डागावर रंग मारून काही उपयोग होणार नाही आणि ओले झालेले सीलिंग वजनाने खाली येण्याचा धोका राहतो. कापल्यावर एसी तासभर चालवा, बॅटरी घेऊन पाहा. पाइपाच्या अंगावर सर्वत्र दव असेल तर आवरणाचा दोष आहे. एका सांध्यातूनच थेंब येत असेल तर ड्रेन पाइपचा जोड सुटला आहे. सीलिंग पुन्हा बंद करताना त्या ठिकाणी उघडता येईल असे लहान झाकण ठेवायला सुताराला आवर्जून सांगा.

प्रश्न : एसी बंद केल्यावर अर्ध्या तासाने एकदम पाणी पडते. एकदा झाकण उघडले तर आत बर्फ होता. हवाही पूर्वीपेक्षा कमी लागते. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : या पत्रात गॅसचा संशय घेण्याला खरोखर आधार आहे, तरीही तो दुसरा संशय आहे. पहिला फिल्टरवर घ्यावा.

कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही, तर तिला उष्णता मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली जाते आणि तिच्यावर धरलेले दव गोठते. एसी बंद होताच तो सगळा बर्फ एकदम वितळतो. ट्रे हळूहळू निथळणाऱ्या पाण्यासाठी केलेला असतो, आणि बर्फाचे तुकडे तर ट्रेच्या बाहेरही पडतात. फिल्टर गच्च भरला, आतल्या लांबट पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला, तरी बर्फ धरतो. गॅस कमी झाला, तरीही धरतो, कारण कॉइलमधील दाब उतरतो आणि तिचा पहिला भाग फार थंड होतो.

फरक ओळखण्यासाठी फिल्टर धुऊन, एसी दोन तास फक्त पंख्यावर चालवून सगळा बर्फ वितळू द्या. सुरी किंवा पेचकस घेऊन बर्फ खरवडू नका. तांब्याच्या नळीला एक टोचा पुरेसा असतो आणि मग खरोखरच गॅस भरावा लागतो. त्यानंतर पुन्हा कूलिंग लावा. बर्फ धरला नाही तर दोष फिल्टरचा होता. कॉइलच्या एका कोपऱ्यातच बर्फ धरून बाकीची कॉइल कोमट राहिली आणि बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपावरही पांढरा तुषार दिसू लागला, तर गॅस कमी आहे असे मानायला हरकत नाही.

मात्र गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. ‘दरवर्षी थोडा टाकावा लागतो’ असे सांगणाऱ्याला काम देऊ नये. आधी नायट्रोजनचा दाब देऊन आणि जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधावी, ती बंद करावी, नळ्यांतील हवा व्हॅक्यूम पंपाने काढावी आणि मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. हल्लीच्या पुष्कळ एसींमध्ये असलेला आर-३२ वायू सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटचे जोड लवकर गंजतात, तेव्हा गळती शोधण्याची सुरुवात तेथून करायला सांगा.

प्रश्न : आमच्याकडे विंडो एसी आहे. मे महिन्यात त्यातून जवळजवळ पाणी येतच नाही, जुलैत मात्र आतून खोलीत पाणी येते आणि पाणी उडाल्यासारखा छप-छप आवाज येतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंश उष्णता आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो, कॉइलही जवळपास तेवढीच थंड, म्हणून पाणी नाममात्र निघते. कूलर तुमच्याकडे ज्या कारणासाठी उत्तम चालतो, तेच हे कारण आहे.

छप-छप आवाजाची काळजी करू नका. पुष्कळ विंडो एसींत मागच्या पंख्याच्या कडेला एक गोल कडे असते, ते तळाशी साचलेले पाणी उचलून गरम कॉइलवर उडवते आणि तिला थंड करायला मदत करते. पाणी आत येण्याचे कारण मात्र झुकाव हे आहे. विंडो एसी बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर खाली हवा. लाकडी चौकट पावसाने फुगून किंवा कुजून बसली, की तो झुकाव नाहीसा होतो किंवा उलटा होतो. पाणसळ लावून तपासा, चौकट दुरुस्त करा आणि तळाशी मागे असलेले पाणी जाण्याचे भोक पानांनी, मातीने बुजले नाही ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : वरच्या मजल्यावरील एसींचे पाणी आमच्या छज्जावर पडते. रात्रभर पत्र्यावर टप-टप आवाज होतो आणि भिंतीला शेवाळ आले आहे. बोलून उपयोग झाला नाही. सोसायटीने काय करावे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : रात्रभर पत्र्यावर पडणाऱ्या थेंबाने झोप मोडणे काय असते, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. ही तक्रार क्षुल्लक म्हणून झटकण्यासारखी मुळीच नाही. एक एसी आठ तासांत पंधरा लिटरपर्यंत पाणी सोडू शकतो. असे पाच एसी एकाच रांगेत असतील, तर तुमच्या छज्जावर एका रात्रीत चार-पाच बादल्या पाणी पडते. भिंतीत ओल मुरून प्लास्टर सुटू लागले, तर ते नुकसान संपूर्ण इमारतीचे आहे, आणि सभेत विषय मांडताना या बाजूने मांडलात तर शेजाऱ्यांमधील भांडणाचे रूप त्याला येणार नाही.

ज्या रांगेत बेडरूमच्या खिडक्या एकावर एक आहेत, तेथे वरपासून खालपर्यंत एक उभा पीव्हीसी पाइप घालून प्रत्येक घराचा ड्रेन पाइप त्याला जोडावा. जोड काटकोनात न करता तिरका, वरून खाली उतरणारा असावा; काटकोनी जोडात वरून येणारे पाणी खालच्या घराच्या नळीत शिरू शकते. उभ्या पाइपाचे वरचे टोक हवेसाठी उघडे ठेवावे आणि खालचे टोक पावसाळी पाण्याच्या गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. संडास-बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपाला ते जोडू नये. कोरड्या दिवसांत नळीत पाणी नसते, तेव्हा त्याच वाटेने दुर्गंधी आणि झुरळे थेट तुमच्या शेजाऱ्याच्या एसीत पोहोचतात. काम होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून वरच्या घराच्या नळीला लवचीक पाइप जोडून तो भिंतीलगत खाली सोडला, तरी रात्रीचा आवाज त्याच दिवशी थांबेल. अशा पाइपाचे पाच-सात मीटर स्वतः विकत आणून शेजाऱ्यांना दिलेत, तर नकार ऐकावा लागण्याची शक्यता कमी.

प्रश्न : एसीचे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालते का? पिण्यास योग्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही नाही. ते धुळकट कॉइलवरून आणि साय धरलेल्या ट्रेमधून आलेले असते, त्यात धातूंचे अंश आणि जिवाणू असतात. बॅटरीसाठी विकतचे डिस्टिल्ड वॉटरच घाला. फरशी पुसायला आणि फुलझाडांना हे पाणी उत्तम; आपल्याकडे पाण्याची ओढ असताना ते गटारात सोडू नये.

प्रश्न : मी ७४ वर्षांची आहे आणि एकटी राहते. स्टुलावर चढता येत नाही. सर्व्हिसिंगला येणारे काय करतात ते कळत नाही, दहा मिनिटांत ‘झाले’ म्हणतात, आणि आठवड्याने पुन्हा भिंत ओली. मी खाली उभी राहून काय पाहू शकते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजी, तुम्ही स्टुलावर अजिबात चढू नका. जे पाहायचे ते बाहेर, पाइपाच्या टोकापाशी दिसते.

सर्व्हिसिंग झाल्यावर पैसे देण्याआधी त्या मुलाला म्हणा, ‘बाळा, एसीत तांब्याभर पाणी घाल, मी बाहेर उभी राहते.’ पाणी घातल्यावर पाच-दहा सेकंदांत नळीच्या टोकातून धार आली पाहिजे. आली नाही, तर काम अपुरे आहे, मग त्याने काहीही सांगितले तरी. पाणी मारणाऱ्या पिचकारीने नुसता समोरचा भाग धुऊन जाण्याची पद्धत फार बोकाळली आहे, आणि ट्रेला त्यात हातही लागत नाही. ‘ट्रे आणि ड्रेन पाइप साफ करायचा आहे’ असे फोनवर आधीच सांगितलेत, तर येताना तो लागणारी अवजारे घेऊन येईल. फिल्टर मात्र मोसमात दर पंधरा दिवसांनी धुतले जायला हवेत. ते समोरचे झाकण वर केले की हाताने निघतात आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना एकदा दाखवून दिले की त्या करू शकतात. त्या वेळी भिंतीवरचा एमसीबी तुम्ही स्वतः खाली पाडा.

रोजच्यासाठी एक करा. नळीच्या टोकाखाली एक लिटरची पारदर्शक बाटली किंवा बरणी ठेवा, नळीचे टोक आत बुडणार नाही अशा बेताने. एसी लावल्यावर तासाभराने खिडकीतून तिच्याकडे एक नजर टाका. पावसाळ्यातल्या दमट रात्री तिच्यात चांगले चार बोटे तरी पाणी दिसायला हवे. ते दिसले नाही आणि खोली मात्र गार झाली असेल, तर पाणी आत साचत आहे. तेव्हा भिंत ओली होण्याची वाट न पाहता एसी बंद करा, त्या रात्री पंख्यावर भागवा आणि सकाळी मेकॅनिकला ‘बाहेर पाणी येत नाही’ एवढेच सांगा.